मांजराच्या पायाला लागलं तर
(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)



मागच्या बुधवारी आपण शेळ्यांच्या पोटफुगीबद्दल बोललो. कार्यक्रम संपला आणि तासाभरात एका ताईंचा फोन आला. आधी जरा घोटाळल्या. म्हणाल्या, "एक विचारू का? हसणार नाही ना?" म्हटलं, विचारा की. तर म्हणाल्या, "आमच्या मांजरीच्या मागच्या पायाला काहीतरी झालंय. तीन दिवस पाय टेकवत नाही, पोत्यांच्या मागं जाऊन बसलीय. शेळीचं तुम्ही सगळं सांगता, मांजराचं काय करायचं असतं? घरातले म्हणतात, मांजर ते, कुठनं पण पडलं तरी चार पायांवर उभं राहतं, होईल आपोआप बरं."

मी हसले नाही. मला हसू येणारच नाही ह्या विषयावर, का ते पुढं सांगते.

मी पशुसखी आहे. माझं शिक्षण शेळ्या-कोंबड्यांचं. मांजराच्या औषधपाण्याचं प्रशिक्षण आम्हाला कुणी देत नाही. जे शिकले ते आमच्या भागातल्या पशुवैद्यक डॉक्टर मॅडमच्या हाताखाली उभी राहून शिकले, आणि थोडं स्वतः चुकून शिकले. म्हणून आज मी उपचार सांगणार नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत आपण घरी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, तेवढंच सांगणार आहे. दुसरा भाग पहिल्याइतकाच मोठा आहे, ऐकाल तुम्ही.

आता कुणी म्हणेल, मांजरासाठी एवढा अर्धा तास कशाला. बाई गं, ज्वारीची पोती घरात ठेवून बघ एक पावसाळा मांजराशिवाय. गेल्या साली आमच्या गटानं शेवया करून पत्र्याच्या खोलीत ठेवल्या होत्या. तिथली मांजर रस्त्यावर गाडीखाली गेली आणि पंधरा दिवसांत उंदरांनी पिशव्या कुरतडल्या. किती किलो टाकून दिलं ते आमच्या वहीत लिहिलेलं आहे. आणि उंदीर आला की त्याच्या मागं साप येतो, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे? मांजर फुकट राखण करतं. आजारी पडलं की मात्र ते घरातलं कुणीच नसतं.

तर, मांजर लंगडतंय. पहिली गोष्ट, त्याला लगेच धरायला जाऊ नका. लांबून बघा. मांजर दुखणं लपवतं. कुत्रं केकाटतं, शेळी ओरडते, मांजर गप अंधारात जाऊन बसतं. ते जसं शिकार करतं तसं त्याचीही शिकार होते, आपण दुबळे झालोय हे दाखवणं त्याला परवडत नाही. म्हणून ते ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असं धरू नका.

बघायचं काय? चालताना पाय जरा जपून टेकवतंय, पण टेकवतंय, खातंय, पितंय, अंग चाटतंय, तर घाई नाही. काटा असेल, मुरगळलं असेल. एका जागी कोंडून एक दिवस वाट बघा.

पाय अधांतरी धरलाय, टेकवतच नाही, किंवा पाय भलत्याच जागी वाकलाय, लोंबतोय, हाड बाहेर दिसतंय, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि तिसरी तऱ्हा, हिच्यात तास मोजायचे. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकतंय. कुत्रं उन्हात जीभ काढून धापा टाकतं ते चालतं, मांजराचं तसं नसतं. मांजर तोंडानं श्वास घ्यायला लागलं तर छातीत काहीतरी बिघडलंय. हिरड्या बघा, ओठ जरा वर करून, चावणार नाही एवढं शांत असेल तरच. गुलाबी असायला पाहिजेत. पांढऱ्याफटक पडल्या असतील तर रक्त गेलंय, ते बाहेर दिसत नसलं तरी पोटात गेलं असेल. गाडीखाली आलेल्या मांजराला वरून खरचटलेलं पण दिसत नाही कधीकधी. मागचे दोन्ही पाय ओढत असेल तर कंबरेला किंवा मणक्याला मार असू शकतो. असं मांजर दिवसभरात मुतलं का, हे लक्ष ठेवून बघा. नाही मुतलं तर मूत्राशय फुटलं असेल किंवा नस दबली असेल, डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

एक आणखी प्रकार असतो, मी दोनदाच बघितलाय. कुठं पडलं नाही, कुणी मारलं नाही, आणि अचानक मांजर जिवाच्या आकांतानं ओरडतं, मागचे पाय लुळे पडतात आणि हात लावला तर पाय गार लागतात. घरातले म्हणतात, कुणी दगड मारला असेल, नाहीतर काहीतरी चावलं. बऱ्याचदा ती रक्ताची गुठळी असते, मागच्या पायांकडं जाणाऱ्या शिरेत अडकलेली, आणि मूळ दुखणं हृदयाचं. तिथं शेकायचं नाही, चोळायचं नाही. तसंच घेऊन पळायचं.

आता धरायचं कसं. ह्याच्यावर मी जरा वेळ घेणार आहे, कारण मांजराच्या दुखण्यात माणसं जखमी होतात ती इथं. एरवी मांडीवर झोपणारं मांजर दुखत असताना चावतं. ते कृतघ्न नसतं, घाबरलेलं असतं. जुनी चादर, गोधडी किंवा जाड टॉवेल घ्या. पोरांना बाहेर काढा, दार लावा, कुत्रं असेल तर बांधा. समोरून डोळ्यात डोळे घालून जाऊ नका, बाजूनं जा, खाली बसा, नेहमी ज्या आवाजात हाक मारता त्याच आवाजात बोला. गोधडी अंगावरून टाकायची, डोकंसुद्धा झाकायचं, आणि आपण बाळ गुंडाळतो तसं गुंडाळायचं. एक हात छातीखाली, एक हात ढुंगणाखाली, दुखरा पाय बाहेरच्या बाजूला, लोंबणार नाही असा. मोठ्या मांजराला मानेच्या कातड्याला धरून लोंबकळत उचलू नका. पिल्लाला त्याची आई तसं उचलते, पण पिल्लू असतं मूठभर. तीन-चार किलोच्या दुखावलेल्या मांजराला त्यानं आणखी इजा होते.

ठेवायचं कशात? शहरात त्यासाठी पिंजरे मिळतात. आपल्याकडं कोंबड्या झाकायचं डालगं आहे, भाजीचं प्लास्टिकचं क्रेट आहे. एका क्रेटवर दुसरं उपडं ठेवून सुतळीनं बांधलं की झाला पिंजरा, हवा खेळती राहते आणि पळता पण येत नाही. आत जुनं लुगडं अंथरा. वरून कापड टाकून अंधार करा, अंधारात मांजर शांत होतं. पोत्यात घालून तोंड बांधून नेऊ नका. एक ताई तसं घेऊन आल्या होत्या मोटारसायकलवर, मे महिन्यात. मांजराचा पाय नुसता मुरगळला होता, उन्हानं आणि गुदमरून ते अर्धमेलं झालं होतं.

पिल्लं असतील लहान, अंगावर पिणारी, तर ती पण आईबरोबर त्याच क्रेटमध्ये ठेवा. नाहीतर ती तुटका पाय घेऊन पिल्लांकडं जायला धडपडते.

रक्त येत असेल तर काय करायचं ते सोपं आहे, पण कुणी नीट करत नाही. स्वच्छ सुती कापडाची घडी करायची, जखमेवर ठेवायची आणि हातानं दाबून धरायचं. पाच मिनिटं, घड्याळ बघून. मधेमधे उचलून "थांबलं का" बघायचं नाही. उचललं की धरत आलेली खपली सुटते आणि पहिल्यापासून सुरू. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. दोरी, सुतळी, रबर लावून पाय आवळू नका. साप चावल्यावर आवळतात तसं लोक आवळतात. (सापाला पण आवळू नये, पण तो वेगळ्या बुधवारचा विषय.) आवळल्यानं खालच्या पायाचं रक्त बंद होतं आणि पाय सडतो. आणि बायांनो, पोरं खेळताना मांजराच्या पायात रबर घालतात, हे बघत जा. केसांत ते दिसत नाही. आठ दिवसांनी पाय सुजतो, वास येतो, तोवर रबर मांसात गेलेलं असतं. लंगडणाऱ्या मांजराच्या पायाला बाहेरून काहीच दिसत नसेल तर केस बाजूला करून रबर, दोरा, तार आहे का बघा. रानडुकरासाठी शेताच्या कडेला लावलेल्या तारेच्या फासात मांजरं सापडतात, आणि तार तोडून तशीच पायात घेऊन घरी येतात.

जखम धुवायला मिठाचं पाणी. अर्धा लिटर पाणी उकळायचं, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, आणि कोमट होऊ द्यायचं. जास्त मीठ म्हणजे जास्त औषध, असं नाही, जास्त मिठानं झोंबतं. हे पाणी जखमेवर ओतायचं, माती, खडे वाहून जाईपर्यंत. चोळायचं नाही. हाड दिसत असेल किंवा जखम खोल असेल तर तेवढं पण करू नका, ओलं स्वच्छ कापड वर झाका आणि निघा.

बाभळीचा काटा पंजाच्या गादीत असेल आणि टोक दिसत असेल तर चिमट्यानं काढा, ज्या दिशेनं गेला त्याच दिशेनं बाहेर. आत मोडला असेल तर सुईनं कोरत बसू नका. म्हातारं मांजर असेल तर नख्या पण बघा. त्यांचं झाडाला, लाकडाला नखं घासणं कमी होतं, नखं वाढत जाऊन गोल फिरतात आणि गादीत रुततात. आपण काटा शोधत बसतो आणि असतं स्वतःचंच नख.

थंडीत दुसरा प्रकार. चुलीच्या राखेत ऊब असते म्हणून मांजर आत जाऊन बसतं आणि खाली विस्तव असतो. पंजे भाजतात. भाजलं की साधं गार पाणी, दहा मिनिटं तरी, हळूहळू ओतत राहायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, तेल नाही. सकाळी चूल पेटवायच्या आधी एकदा काडीनं राख हलवून बघा. तसंच पिकअप आणि ट्रॅक्टर. रात्री इंजिन गरम असतं, मांजर वर चढून आत झोपतं. सकाळी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या. आमच्या मालकांना ही सवय लावायला मला दोन हिवाळे लागले.

आता हाड मोडलं असेल तर. शेळीचा खालचा पाय मोडला तर आम्ही बांबूच्या कामट्या बांधतो, तुम्हीही बघितलंय. मग मांजराला का नको? कारण असं बघा, कामट्यांचा उपयोग कधी होतो, मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलेनासे झाले तर. मांजराचा पाय बऱ्याचदा मांडीत मोडतो. मांडीच्या वरचा सांधा म्हणजे खुबा, तो बांधणार कसा? मग कामटी नुसती खालून लोंबते, तिच्या वजनानं मोडलेली टोकं आणखी ओढली जातात आणि आतली शीर तुटते. वर मांजर ते काढायला धडपडतं ते वेगळंच. म्हणून काही बांधायचं नाही. क्रेटमध्ये ठेवायचं, हलू द्यायचं नाही, तेच त्याचं प्लास्टर. गावच्या हाडवैद्याकडं नेऊन पाय ओढून बसवू नका, मी त्यांचा मान राखून सांगते. निखळलेला खुबा आणि मोडलेली मांडी वरून सारखीच दिसते, ती एक्स-रेतच कळते.

आता औषधांचं. इथं मला माझं सांगायचंय.

माझी मुलगी पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं एक बोका होता, तांबूस, तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. एका संध्याकाळी तो पुढचा पाय वर धरून आला. पाय सुजला होता, हात लावला की गुरगुरायचा. दवाखाना बंद झालेला. पोरगी रडत होती. मला वाटलं, रात्रभर तरी त्याचं दुखणं थांबावं. घरात तापाच्या गोळ्या होत्या, पॅरासिटामॉल, पाचशेची. मी विचार केला, लहान जीव आहे, अख्खी नको. अर्धी गोळी कुस्करून दुधात घातली. पोरीनंच वाटी त्याच्या पुढं ठेवली.

रात्री तो उलट्या करायला लागला. पहाटे बघितलं तर तोंड सुजलेलं, श्वास जोरात, आणि हिरड्या गुलाबी नाहीत, मातकट, काळपट पडलेल्या. मला वाटलं साप चावला. डॉक्टर मॅडमकडं पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. त्यांनी हिरड्या बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळी दिली का कुठली?" दुपारी तो गेला.

पाय कशानं सुजला होता? दुसऱ्या बोक्याचा दात लागून. आत पू झाला होता. फोडून, धुऊन, चार दिवस औषध दिलं असतं तर बरा झाला असता.

मॅडमनी नंतर मला समजावलं ते तुम्हाला सांगते. माणसाचं, शेळीचं यकृत ती गोळी मोडून टाकतं. मांजराच्या यकृतात ते करणारा रसच पुरेसा नसतो. मग गोळीचं विष होतं, रक्त तपकिरी पडतं, आणि त्या रक्ताला श्वासातली हवा अंगभर नेता येत नाही. मांजर श्वास घेत असतं आणि आतून गुदमरत असतं. म्हणून पाव गोळी पण नाही, कण पण नाही, पोरांचं तापाचं गोड पातळ औषध असतं ते पण नाही, त्यातही हेच असतं. चुकून दिलं गेलं असेल तर लपवू नका, लगेच सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत पोचायला लागतो. मी रात्रीच कुणाला फोन केला असता तर, असं मला अजून वाटतं. पोरगी आता कॉलेजात जाते. ती मला कधी काही बोलली नाही, मीच तिला पुष्कळ दिवसांनी सांगितलं की वाटी तुझ्या हातची होती पण गोळी माझ्या हातची होती.

तर मांजराला माणसाची कुठलीही वेदनेची गोळी नाही. ब्रुफेन नाही, डायक्लोफिनॅक नाही, अ‍ॅस्पिरिन नाही. डायक्लोफिनॅक तर गुराढोरांनाही द्यायला २००६ सालापासून बंदी आहे, ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती म्हणून. आणि पशुसखी मैत्रिणींनो, आपल्या पेटीतलं शेळीचं दुखण्याचं औषध अंदाजानं कमी करून मांजराला द्यायचं नाही. त्यांचे मूत्रपिंड जातात.

वरून लावायचं पण तसंच. मांजराला जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार, कारण ते चाटणार. फिनाईल, डेटॉल, रॉकेल, टर्पेंटाईन, इंजिनचं काळं तेल, हे जखमेला लावू नका. जखमेत अळ्या पडल्या की आपल्याकडं गुरांच्या गोचिडाचं औषध शिंपडतात. गुराला जे चालतं त्यातल्या काही औषधांनी मांजराला झटके येतात आणि ते मरतं. अळ्या दिसल्या तर मिठाच्या पाण्यानं धुवा, चिमट्यानं दिसतील तेवढ्या काढा आणि दवाखान्यात न्या. हळदीचं विचाराल तर, हळद विष नाही, पण हळद-तेलाचा लेप खोल जखमेवर थापला की आतला पू आतच राहतो. नको.

मघाशी दात लागल्याचं बोलले, ते जरा लक्षात घ्या, कारण लंगडणाऱ्या बोक्यांत मी हे फार वेळा बघते. मांजराचा दात सुईसारखा. भोक इवलंसं पडतं, दोन दिवसांत बुजतं, आणि आत घाण राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळू येतं, गरम लागतं, मांजर खाणं सोडतं, मग ते फुटून घाण वास येतो. फुटलं म्हणजे बरं झालं, असं समजू नका. आणि खाणं सोडलं ह्याच्याकडं नीट बघा. दोन दिवस मांजरानं काहीच खाल्लं नाही तर त्याचं यकृत बिघडायला लागतं, जाडजूड मांजराचं तर आधी. तेवढ्या एका कारणासाठीसुद्धा त्याला दवाखान्यात न्यावं. खायला साधं उकडलेलं अंडं, मासा, चिकनचा तुकडा, मीठ-मसाला नाही. कांदा घातलेला रस्सा तर नाहीच, कांद्यानं मांजराचं रक्त कमी होतं. दवाखान्यात निघताना मात्र काही खाऊ घालू नका, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं बरं.

आता आपलं स्वतःचं. मांजर चावलं किंवा नखं लागून रक्त आलं तर, आपलं असो, कितीही लाडकं असो, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा म्हणजे पंधरा. चुना, मिरची, हळद काही भरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. रेबीज फक्त कुत्र्यानं होतो असं पुष्कळ जणींना वाटतं. मांजरानं पण होतो, आणि लक्षणं दिसायला लागली की मग औषध नाही. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचा काळ गेला, आता दंडात देतात, सरकारी दवाखान्यात मोफत. ज्या तारखा लिहून देतील त्यातली एकही चुकवायची नाही. गरोदर बाईनं, अंगावर पाजणाऱ्या बाईनं पण घ्यायचं, त्यानं बाळाला काही होत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं पण विचारा. रेबीज नसला तरी मांजराचा दात हातात खोल जातो आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून येतो, शेतातल्या बाईचा हात आठ दिवस कामातून जाणं म्हणजे काय ते तुम्हीच जाणता.

मांजराला कुत्र्यानं धरलं असेल तर त्याच्या केसांवर कुत्र्याची लाळ असते. हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून मगच हात लावा, आणि डॉक्टरांना कुत्र्याचं सांगा. मांजर लाळ गाळतंय, विचित्र ओरडतंय, अंगावर येतंय, तर पाय तुटका असला तरी धरायला जाऊ नका. दार बाहेरून लावा आणि फोन करा.

फोन कुठं करायचा? गावाजवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, तिथल्या डॉक्टरांचा नंबर गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. टोल फ्री नंबर १९६२, हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा. ती गाडी मुख्यतः गुरांसाठी आहे, पण विचारायला पैसे पडत नाहीत. एक्स-रे आणि हाडाचं ऑपरेशन सगळीकडं होत नाही, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी फोन करून विचारा म्हणजे हेलपाटा पडत नाही. आमच्या साताऱ्याच्या बाजूला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठ्या ऑपरेशनला तिथं नेतात. परभणी, उदगीर, अकोला, नागपूर इथंही अशी महाविद्यालयं आहेत. तिथं कुणी तुम्हाला "मांजर घेऊन आलात?" म्हणून हसणार नाही, त्यांचं कामच आहे ते.

पैशाचं खरं सांगते. हाडात सळई घालायचं ऑपरेशन प्रत्येकीला परवडेल असं नाही. ते नाही परवडलं म्हणून मांजर पोत्यात घालून लांब सोडून यायचं, हे करू नका. १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात तो गुन्हा आहे, पण त्याहून साधी गोष्ट अशी की दुसरे रस्ते असतात. कितीतरी मोडलेली हाडं, विशेषतः कंबरेची, नुसत्या कोंडून ठेवण्यानं जुळतात. डॉक्टर सांगतील तसं चार ते सहा आठवडे क्रेटमध्ये किंवा डालग्याखाली. आत पाण्याची वाटी, आणि जुन्या घमेल्यात कोरडी माती, तिच्यात ते विधी करतं. पहिले चार दिवस ओरडून डोकं उठवतं, मग सवय होते. प्लास्टर घातलं असेल तर ते कोरडं ठेवायचं आणि रोज बोटं बघायची. बोटं सुजली, गार पडली, वास आला तर तारखेची वाट न बघता परत न्यायचं. आणि पाय काढायलाच लागला तरी मांजर तीन पायांवर सुखानं जगतं. आमच्या वरच्या आळीत एक आहे, कौलांवर चढते, उंदीर धरते.

जाता जाता त्या फोनवाल्या ताईंचं. मी त्यांना हेच विचारलं, गोळी दिली का? म्हणाल्या, द्यायचीच होती, हातात घेतली होती, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. दुसऱ्या दिवशी त्या भाजीच्या क्रेटमधून मांजरीला घेऊन एस.टी.नं तालुक्याला गेल्या. मागच्या पायात खुब्याजवळ गळू निघालं. डॉक्टरांनी फोडून धुतलं, इंजेक्शन दिलं. कंडक्टरनं मांजरीचं तिकीट घेतलं का, ते मी विचारलं नाही. परवा त्यांचा पुन्हा फोन आला होता. पाय टेकवतेय म्हणाल्या, आणि क्रेटमध्ये ठेवली तर शेजारच्या दोघी-तिघी क्रेट कशाला म्हणून विचारायला येऊन गेल्या.

पुढच्या बुधवारी शेळ्यांची खुरं. पावसाळा तोंडावर आलाय, खुरं कापायची कातरी घरात असेल तर काढून ठेवा, ती कशी धरायची ते सांगेन. नमस्कार.